धनेशच्या मांडीतली मेढ

नेरळजवळच्या पोशीरला अंगणं भरपूर आहेत, पण मातीचं अंगण आता एखाद्याच्याच दारात. बाकी सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक, लाल आणि करडे, एकाला एक चिकटून. त्यात टाचणी जात नाही. लग्नाच्या मांडवाची मेढ रोवायला मात्र जमीन लागते. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. तिला उंबराची फांदी बांधतात, हळद लावतात, आणि एकदा ती उभी राहिली की लग्न लागेपर्यंत कोणी उपटत नाही. वाऱ्यानं मांडव गेला तर दुसरा घालता येतो. नवरा पळाला तर दुसरा बघता येतो. मेढ हलता कामा नये.

आमचा नेरळला मंडप डेकोरेशनचा धंदा. ब्लॉक आणि मेढ यांच्या भांडणावर माझ्या अब्बांनी एक शोध लावला. एका जाड लोखंडी प्लेटवर मधोमध हातभर सळई वेल्ड केली. प्लेट अंगणात ठेवायची, सळईला उंबर बांधायचा, झाली मेढ. कुदळ नको, खड्डा नको, आणि लग्न झालं की उचलून पुढच्या लग्नाला. सळईचं वरचं टोक त्यांनी तिरकं कापून भाल्यासारखं केलं होतं, कारण पूजेची पुरचुंडी त्या टोकावर बांधायची असते.

"नुसती बांधली की घसरते," अब्बा मला समजावून सांगायचे. "टोचली की हलत नाही."

या वाक्याचा त्यांना अभिमान होता. पुढे त्यांनी ते वापरणं बंद केलं.

त्या दिवशी मांडव भाविकाच्या लग्नाचा होता. भाविका म्हणजे माझा दोस्त धनेश, त्याची धाकटी बहीण. धनेश कबड्डीत रेडर. त्याचा उजवा पाय कर्जत तालुक्यात धनेशपेक्षा जास्त लोक ओळखतात. समोरच्या संघाचे पाच जण त्या पायाला लटकलेले असताना तो मध्यरेषेला बोट टेकवतो आणि मग पाचही जणांना उठायला हात देतो. येत्या मोसमात एका कंपनीच्या संघात त्याची निवड व्हायची होती. कंपनीला पूर्ण धनेश हवा होता असं वाटत नाही. पाय पुरला असता.

मेढीची पूजा अंबूबायनं केली. अंबूबाय धवलारीण. आमच्या भागातल्या आगरी लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नातली विधींची गाणी, गाते आणि गाता गाता अख्खं लग्न चालवते: कोणी कुठे बसायचं, कशाला काय बांधायचं, कोणी गप्प राहायचं. तिनं अब्बांच्या शोधाभोवती एक फेरी मारली.

"जमालभाय, ही मेढ हाय का वजनकाटा?"

"अंबूबाय, जमाना बदलला."

"जमाना बदलंल. मेढ कुटं बदलली?"

पण मुहूर्त निघून चालला होता. पाच सवाष्णींनी सळईला हळद लावली, उंबराची फांदी खालच्या अंगाला बांधली, टोकावर पुरचुंडी बांधून लाल नाडा आवळला. अंबूबायनं धवला म्हटला आणि मेढ लागली. त्या क्षणापासून ती अब्बांची प्लेट राहिली नाही.

धनेश घोड्यावर होता. घोडा म्हणजे दोन्हीकडे पाय असलेली आमची उंच शिडी. बहिणीच्या मांडवाची झालर मीच बांधणार म्हणून तो हट्टानं चढला होता. तेवढ्यात साउंडवाल्यानं "हॅलो, चेक" वगैरे काही न म्हणता थेट बास सोडला. अंगणातल्या ब्लॉकांना घाम फुटला. घोडा थरथरला, धनेश दचकला, आणि खाली आला.

तो पडला असं मी म्हणणार नाही. तो बसला. मेढीवर.

साउंड बंद झाला. धनेश प्लेटवर एक पाय दुमडून, एक पाय पसरून टेकला होता, जेवायला बसतात तसा. सळई उजव्या मांडीच्या आतल्या बाजूनं, गुडघ्याच्या वर, आत शिरली होती आणि वर कुठे तरी थांबली होती. रक्त जवळजवळ नव्हतंच. एक पातळ रेघ उंबराच्या पानावर उतरली आणि तिथेच थबकली. मला वाटलं होतं असं काही झालं की कारंजं उडतं. ही शांतता त्याहून वाईट होती.

"झुह्या," धनेश मला म्हणाला, "पायात काय तरी गेलंय रं."

ते खरं होतं. त्याचं दुसरं टोक प्लेटला वेल्ड केलेलं होतं.

काटा रुतला की माणूस उपटतो. यासाठी शिकावं लागत नाही. धनेशचा बाप, चांगोकाका, धावत आला, त्यानं लेकाच्या काखेत हात घातले आणि त्याला वर उचलायला गुडघे वाकवले. मी आणि अब्बांनी प्लेट दाबून धरली. आम्ही तिघे मिळून एक बाटली उघडणार होतो.

"हात काढ," अंबूबाय म्हणाली.

"अंबूबाय, पोराच्या पायात हाय ती."

"कुटं बी असू दे. मेढ लागलीय. लगीन लागल्याबिगर उपटायची नाय."

"अगं पण..."

"चांगो. तुज्या पोरीचं लगीन हाय. हात काढ."

चांगोकाकानं हात काढले. मला राग आला होता हे सांगून टाकतो. एवढ्या माणसांत एका म्हातारीला रीत सुचत होती आणि माझ्या दोस्ताच्या मांडीत अर्धी सळई होती. अब्बा टेंपोतून ग्राइंडर घेऊन आले, सळई प्लेटजवळ कापू म्हणून. तिनं तेही थांबवलं. मेढीला लोखंड लावायचं नसतं म्हणे. मेढ स्वतःच लोखंडाची आहे हे तिला सांगायची हिंमत अंगणात कोणाला झाली नाही.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. मग वाटाघाट झाली. मेढ उपटायची नाही, कापायची नाही, पण ती मिरवत नेली तर? अंबूबायनं विचार केला. देव मिरवतात, नवरदेव मिरवतात. मेढ मिरवायला हरकत नव्हती, फक्त ती होती तशी राहायला हवी.

"आणि मेढ जाईल तितं मी," असं म्हणून ती पहिली टेंपोत चढली.

आम्ही धनेशला प्लेटसकट उचललं. टेंपोत गाद्या होत्या, पाहुण्यांच्या. त्याला आडवं केलं आणि प्लेट मी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी कवटाळून, म्हणजे रस्त्याचा धक्का सळईला न लागता मला लागावा. चांगोकाकानं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. अंबूबायनं पाय धरला, अनवाणी तळवा तिच्या पदरात. आणि अब्बांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात एकाही गतिरोधकाला मान दिला नव्हता, टेंपो असा चालवला की मागची रिक्षा हॉर्न वाजवून वाजवून थकली आणि शेवटी आमच्याच वरातीत सामील झाली.

नेरळला दवाखान्याच्या दारात टेंपो थांबला आणि डॉक्टरच टेंपोत चढले. त्यांनी मांडी बघितली, प्लेट बघितली, प्लेट धरलेला मी बघितला.

"काढायचा प्रयत्न केला कोणी?"

"नाही."

"शहाणे आहात. सळई आत बूच होऊन बसलीय. काढली असती तर इथपर्यंत आला नसता."

आम्ही तिघांनी अंबूबायकडे पाहिलं. ती रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्याकडे पाहत होती. तिला यात कौतुकासारखं काही दिसलं नसावं. रीत म्हणजे रीत.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, मग धनेशच्या पावलावर दोन बोटं ठेवून बराच वेळ डोळे मिटले. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बोटं नेली. पुन्हा पहिल्या जागेवर आणली.

"पावलात ठोका लागत नाही," ते हळूच म्हणाले. "रक्ताची मोठी नळी गेली असणार. कर्जतला थांबू नका. चौक गावाच्या पुढे हॉस्पिटल आहे, मी फोन करतो, तिथल्या सर्जन आज आहेत. रेंगाळू नका. पायाला रक्त नसलं की पाय फार तास थांबत नाही."

भिवपुरी मागे पडेपर्यंत धनेश बोलत होता.

"माजा पाय हाय ना रं?"

"हाय. मी धरलाय."

"तू प्लेट धरलीयस."

"पाय तिलाच लागून हाय. कुठं जातोय?"

"बोटं कळत नायत झुह्या."

  अंबूबायनं पदराखालून पाऊल बाहेर काढून पाहिलं. पांढरं, मेणासारखं. ती ते दोन्ही तळव्यांमध्ये चोळायला लागली आणि मग थांबली, चोळून ऊब येत नाही हे तिला कळलं. बाजारातल्या बर्फावरच्या पापलेटासारखं ते गार होतं आणि ती त्याला धरून बसली होती.

कर्जत मागे राहिलं, आणि खालापूर तालुक्याच्या हद्दीतला पहिला खड्डा मी माझ्या बरगड्यांवर झेलला.

हॉस्पिटलच्या दारात सर्जन स्वतः उभ्या होत्या. डॉक्टर रुबिना. बुटक्या, पायात रबरी चपला, चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाची शांती. राहायला मोहोपाड्याला. टेंपोचं फळकं खाली पडताच त्यांनी आत वाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न मला विचारला.

"हात दुखतायत?"

"हो."

"सोडू नका."

एक्स-रे काढताना प्लेट मशीनखाली मावेना. ती बाजूला तिरकी धरून मी शिशाचा एप्रन घालून उभा राहिलो. फोटो आला. धनेशच्या मांडीचं हाड धुरकट, आणि त्याला लागून सळई लखलखीत, टोकाचा तिरका काप अब्बांनी कापला तसाच्या तसा. अब्बांनी फोटो पाहिला आणि बाहेर जाऊन टेंपोच्या पायरीवर बसले.

"टोकाला काही होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "कापड, दोरी, काही? फोटोत धातू दिसतो, हाड दिसतं. बाकीचं दिसत नाही."

"पुरचुंडी व्हती," अंबूबाय म्हणाली. "मीच बांधली."

"तिच्यात काय काय होतं?"

"पिवलं फडकं. त्यात हलकुंड एक, सुपारी एक, अक्षता. आंब्याचं पान. वरून नाडा."

"हळकुंड केवढं?"

अंबूबायनं करंगळी दाखवली, मग अंगठ्यानं तिचं एक पेर झाकलं.

"आणि ते सगळं टोकावरच होतं? खाली पडलेलं कोणी पाहिलं?"

चांगोकाकानं घरी फोन लावला. भाविकानं हळदीच्या साडीत अख्खं अंगण झाडलं. फुलं सापडली, एक बटण सापडलं. पुरचुंडी नव्हती.

"म्हणजे सगळं आत आहे," डॉक्टर म्हणाल्या. मला वाटलं त्या हसतील. मी हसलो असतो. त्यांनी नर्सला सांगितलं, "आत गेल्यावर मला आठवण कर. हळकुंड, सुपारी, पान, फडकं, नाडा. अक्षता जेवढ्या मिळतील तेवढ्या."

मग त्या चांगोकाकाकडे वळल्या. सळई काढायची, नळी जोडायची, जमली नाही तर पाय वाचणार नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. चांगोकाकाच्या हातात सहीचं पेन होतं. तो अंबूबायकडे बघत होता. लेकीचं लग्न एका हातात, लेकाचा पाय दुसऱ्या हातात, आणि पेन धरायला तिसरा हात नाही, असा तो उभा होता.

"मेढ उपटनार तुमी?" अंबूबायनं डॉक्टरांना विचारलं.

"काढावी लागेल, मावशी. उशीर केला तर पाय जाईल."

"लगीन परवा हाय."

"परवापर्यंत पाय थांबणार नाही."

 कॉरिडॉरमध्ये पंखा कुरकुरत होता. मी मनात म्हणत होतो, म्हातारे, बोल काही तरी. ज्या रितीनं धनेश इथवर जिवंत आला होता, तीच आता दारात आडवी बसली होती.

"तिला इचारा," अंबूबाय शेवटी म्हणाली. "न इचारता उपटली तं दोष. इचारून उतरवली तं नाय."

"कोणाला विचारू?"

"मेढीला."

डॉक्टर रुबिना स्ट्रेचरशी आल्या. वाकल्या. सळईच्या हळद लागलेल्या भागाशी तोंड नेलं आणि पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "बाई, तुझं काम झालं. त्याला इथवर सांभाळून आणलंस. आता मी तुला बाहेर घेते, चालेल?" मग सरळ झाल्या. "रक्ताच्या पिशव्या किती आल्या?" त्यांनी भूलतज्ज्ञाला विचारलं.

चांगोकाकानं सही केली.

आता प्लेटचा प्रश्न होता. ती कापल्याशिवाय धनेश टेबलावर नीट झोपणार नव्हता, आणि कापताना सळई आत तसूभरही हलून चालणार नव्हती. इथे ठिणग्या उडवायची सोय नव्हती, म्हणून हॉस्पिटलचा मेंटेनन्सवाला हॅक्सॉ घेऊन आला. डॉक्टरांनी मला बघितलं.

"एवढा वेळ यांनी धरलीय, यांचा हात बसलाय. यांना गाऊन घाला."

अशा रीतीनं मी, झुहेब जमाल, बारावी दुसऱ्या प्रयत्नात पास, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायात कोणाच्या तरी मोठ्या चपला घालून ऑपरेशन थिएटरमध्ये शिरलो. धनेशला भूल दिली होती. डॉक्टरांनी कातडीशी लागून सळई एका जाड पकडीत आवळून धरली, मी प्लेट धरली, मेंटेनन्सवाला करवत ओढायला लागला. त्यानं मधेच विचारलं, "कोणत्या कारखान्याचा माल?" मी म्हटलं, "लग्नाचा." तो पुन्हा करवत ओढायला लागला. प्लेट सुटली आणि तिचं सगळं वजन एकदम माझ्या छातीवर आलं. मी मागे सरकत भिंतीला टेकलो. मला जायला सांगायला कोणाला वेळ नव्हता, आणि प्लेट ठेवायला जागा नव्हती. त्यामुळे मी तिथेच उभा राहिलो, प्लेट कवटाळून, आणि पुढचं सगळं पाहिलं.

आधी त्यांनी दोन्ही पाय रंगवले. पिवळसर तपकिरी औषधानं, कमरेपासून बोटांपर्यंत. नवरदेवालासुद्धा इतकी हळद लागत नाही. दुखणारा पाय कळला, चांगला पाय का रंगवला ते मला तेव्हा कळलं नाही.

मग डॉक्टरांनी चुकीच्या जागी कापलं. म्हणजे मला तसं वाटलं. सळई खाली होती आणि त्यांनी चीर घेतली वर, जांघेजवळ, धडधाकट कातडीवर. मी तोंड उघडणार होतो. देवानं मला मास्क दिला होता.

"आधी कोंडी वर," त्या शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला सांगत होत्या. "वरचा नळ आपल्या हातात आला की खाली काय वाट्टेल ते होऊ दे."

त्यांनी बोटांनी मांस बाजूला सारलं, कापलं नाही, सारलं, कणसाची पानं एकेक करून मागे घेतात तसं. आणि मग ती दिसली. जाड पेनाएवढी, फिकट गुलाबी. आणि हलत होती. म्हणजे उडत होती, एकसारखी, कोणाला काही न विचारता. मी धनेशला शाळेपासून ओळखतो. त्याचे घाणेरडे विनोद, त्याचं घोरणं, त्याच्या घामाचा वास, सगळं मला माहीत होतं असं मी धरून चाललो होतो. आणि हे त्याच्यात एवढी वर्षं चाललं होतं. मी त्याच्याशी बाइकवरून भांडत होतो तेव्हाही. त्याची उलटतपासणी घेत होतो, वडापाव कोणी खाल्ला म्हणून, तेव्हाही. मी मागे वळून भिंतीकडे पाहिलं, कारण बघायला परवानगी नसलेलं काही तरी मी बघतोय असं मला वाटलं. मग परत पुढे पाहिलं, कारण असं कोण सोडतं.

त्या गुलाबी नळीभोवती त्यांनी एक निळी पट्टी गुंफली आणि पट्टी ताणली. खालचं उडणं थांबलं.

"आता काढते," त्या म्हणाल्या. आणि मला शप्पथ घालून विचारा, सळईकडे बघून म्हणाल्या.

मांडी खालपर्यंत उघडली होती. सळई तिच्या वाटेनं, ज्या कोनात गेली होती त्याच कोनात, सावकाश मागे आली. तिच्या मागोमाग थोडं काळं रक्त आलं आणि थांबलं. बूच निघालं होतं आणि बाटली भरलेली होती. नळी मधोमध फाटली होती, दोन्ही टोकं चिंध्या झालेली, आत मागे ओढली गेलेली, घाबरल्यासारखी.

"पान," नर्स म्हणाली. डॉक्टरांनी आंब्याचं पान काढलं, दोन तुकड्यांत. "फडकं." फडकं निघालं. "नाडा. सुपारी." सुपारी ताटलीत टण्णकन पडली. मिठाच्या पाण्याच्या पिशव्या एकामागून एक ओतत होते, मांडीतून पाणी बादलीत जात होतं, आणि त्यात अक्षता तरंगत होत्या. लग्नात त्या डोक्यावर पडतात. आज बादलीत पडल्या.

"हळकुंड."

हळकुंड मिळेना. डॉक्टरांनी बोट घातलं, काढलं, परत घातलं. सोनोग्राफीचं यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं, मांडीवर फिरवलं. पडद्यावर राखाडी पाऊस. भूलतज्ज्ञ म्हणाला, "मॅडम, पाय अजून गार आहे." म्हणजे शोधत बसायला वेळ नव्हता. आणि सोडून पुढे गेलं तर ते आत कुजणार, जोडलेली नळीही त्याच्यासकट जाणार. हे त्यांनी शिकाऊ डॉक्टरला दोन वाक्यांत सांगितलं आणि तेवढा वेळही वाया घालवला नाही, बोलता बोलता यंत्र तिरकं केलं. राखाडी पावसात एक पांढरी रेघ, तिच्यामागे लांब सावली. हाडाच्या मागे, सळईच्या वाटेवरून बाजूला फेकलेलं. चिमटा गेला, आणि करंगळीच्या दोन पेरांएवढं, पिवळंधम्मक, ते बाहेर आलं.  एका नर्सनं नकळत मान झुकवली.

मग कळलं चांगला पाय का रंगवला होता. डाव्या पायातून त्यांनी कातडीखालची एक शीर काढली, वीतभर. मी मनात म्हटलं, चला, आता दोन्ही पाय गेले. ती शीर त्यांनी ताटलीत धुतली आणि उलटी केली, खालचं टोक वर.

"शिरेत झडपा असतात," त्या म्हणाल्या, आणि मला तेव्हा कळलं की त्या माझ्याशी बोलत होत्या. प्लेट धरलेला माणूस अजून उभा आहे हे त्यांना माहीत होतं. "रक्त एकाच दिशेला जाऊ देतात. सरळ लावली तर दार बंद. म्हणून उलटी."

हो, म्हटलं. मी नेरळात राहतो, एकमार्गी रस्ता मला समजतो.

केसापेक्षा बारीक दोऱ्यानं, डोळ्यांना भिंग लावून, त्यांनी डाव्या पायातली शीर उजव्या पायातल्या नळीला शिवली. एक टाका, एक टाका, एक टाका. कपड्यावर बसलेली माशीसुद्धा जड वाटावी इतक्या हलक्या हातानं. वरचं टोक झालं, खालचं टोक झालं. त्यांनी भिंग वर केलं.

"सोडतेय."

निळी पट्टी सैल झाली. शीर फुगली. आधी वरून, मग खालपर्यंत, पाट सुटल्यावर कोरड्या चारीत पाणी पुढे सरकतं तशी. आणि मग तीही उडायला लागली. जी शीर जन्मापासून कधी उडली नव्हती, डाव्या पायात निवांत पडून होती, ती उजव्या पायात ठोका द्यायला लागली, जणू तिला कोणी तरी काम शिकवलं होतं.

सगळे पावलाकडे बघत होते. ते पांढरंच होतं. औषधाखालीही पांढरं. शिकाऊ डॉक्टरनं पावलावर बोट ठेवलं, डोळे मिटले, डोळे उघडले. डॉक्टरांनी त्याला बाजूला करून स्वतः ठेवलं. बराच वेळ. मी प्लेट इतकी घट्ट धरली होती की तिच्या कडा छातीत उमटल्या, नंतर आंघोळ करताना दिसल्या.

अंगठ्याच्या नखाखाली आधी आला. रंग. मग बाकी बोटांत. मी सकाळी पळसदरीच्या तळ्यावर उजाडताना पाहिलंय, ते याच्यापुढे घाईचं काम आहे.

"लागतोय," डॉक्टर म्हणाल्या. बस, एवढंच. आणि हातमोजे बदलायला लागल्या.

बाहेर आल्या तेव्हा चांगोकाका उभा राहिला. अब्बा उभे राहिले. अंबूबाय बसूनच होती.

"पायात रक्त सुरू झालंय. जखम शिवलेली नाही, उघडी ठेवलीय."

"शिवली नाय?" चांगोकाका घाबरला. "मग बंद कदी व्हनार?"

"आत पान गेलं होतं, फडकं गेलं होतं. आज शिवली तर आत कोंडून कुजेल. दोन दिवसांनी परत धुवू, साफ दिसली की शिवू. बोटं कळतायत का, हलतायत का, ते तो शुद्धीवर आल्यावर. ते मी आत्ता सांगू शकत नाही."

"हलकुंड गावलं?" अंबूबायनं विचारलं.

"गावलं, मावशी."

अंबूबायनं मान हलवली, जसं काही कोणी उसनी वाटी परत केली. मग माझ्याकडे वळली. मी गाऊनमध्येच होतो, प्लेट अजून हातात, तिच्यावर बोटभर सळईचा खुंट.

"ती टेंपोत ठेव. खुंटाला नवा उंबर बांदू. मेढ उपटली नाय, इचारून उतरली. लगीन परवाच."

अब्बा म्हणाले, "अंबूबाय, टोक मी घासून गोल करतो."

"आता कुटं टोक ऱ्हायलं, जमालभाय?"

धनेश संध्याकाळी वॉर्डात जागा झाला. जागा म्हणजे डोळे उघडे, नजर कुठल्या तरी दुसऱ्याच लग्नात. नर्स दर थोड्या वेळानं येऊन त्याच्या पावलावर बोट ठेवून जायची. ठोका जिथे लागतो तिथे पेनानं फुली मारून ठेवली होती, शोधायला नको म्हणून. एकदा ती दुसऱ्या पेशंटकडे अडकली आणि मला म्हणाली, तुम्ही ठेवा बोट, थांबला वाटलं तर ओरडा.

मी फुलीवर बोट ठेवलं. काही नाही. माझंच काळीज कानात वाजत होतं. मग जरा हलकं ठेवलं, आणि ते आलं, बोटाखाली, अगदी छोटं, दुसऱ्या खोलीतून कोणी भिंतीवर टिचकी मारावी तसं. परत. परत. डाव्या पायाची शीर उजव्या पायात, उलटी, आणि तिच्यातून धनेश येत होता. पाऊल ऊबदार होतं. मी दुसरा हात तळव्याखाली घातला, ऊब खरी आहे का बघायला. अंबूबाय पलंगाच्या पायथ्याशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, माझं तोंड तिला ठोक्याची बातमी देतंय असं.

"झुह्या," धनेश म्हणाला. आवाज घोगरा, जीभ जड.

"काय रं?"

"पाय सोड."

"का?"

"गुदगुल्या व्हतात."

मी सोडला नाही. मी तळव्यावर बोट हळूच फिरवलं, टाचेपासून वर. त्याची पाचही बोटं एकदम आत वळली.

"सोड ना रं," तो म्हणाला, आणि अंबूबायनं पदर तोंडावर घेतला.